बिबट्या, आप्पा आणि .३२ बोअर

गेल्या महिन्यातली गोष्ट. गुरुवारी रात्री पावणेदोनला फोन वाजला. आमच्या धंद्यात या वेळेला फोन आला की त्याचा अर्थ एकच, कुठला तरी सर्व्हर झोपलाय. डोळे न उघडताच लॅपटॉपकडे हात गेला. पण पलीकडे आप्पा होते.

"झोपेल व्हता का रे?"

"हो... काय झालं आप्पा?"

"काही नही. बिबट्या व्हता. गया."

बस. एवढंच. मग "झोप तू" म्हणून फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, वडील रात्री पावणेदोनला शेतातून फोन करून "बिबट्या होता, गेला" म्हणतात आणि वर झोप म्हणतात. कोण झोपेल?

आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या अंगाला. आठ एकर शेती. थोडा कापूस, थोडा मका, नाल्याकडच्या तुकड्यात केळी, आणि शेजाऱ्याचा ऊस बांधाला लागून. सकाळी कळलं ते असं. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी होती. म्हणजे मोटारीला लागणारी थ्री-फेज लाईट रात्रीच. आप्पा ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला नाल्याकडच्या तुकड्यात गेले. वाकून व्हॉल्व्ह फिरवला, उठून बॅटरी मारली तर वीसेक पावलांवर दोन डोळे. ते हलले नाहीत, तो हलला नाही. मग आप्पा त्याच्याशी बोलायला लागले (काय बोलले ते सांगत नाहीत), आणि तो उसात निघून गेला. आप्पांनी मोटार चालू आहे ना ते बघितलं, मग मला फोन केला. वय वर्षं ६७.

शुक्रवारी मीटिंगमध्ये मी जरा झोपाळलेला होतो, म्हणून कारण सांगावं लागलं. आमच्या टीममधला एक जण अमेरिकेत मोंटानाला असतो. अस्वलांचा मुलूख. तो अगदी सहज म्हणाला, "मग वडिलांकडे कमरेला काय असतं?" मी म्हटलं, तंबाखूची चंची. :) त्याला ते कळलं नाही. त्याच्याकडे म्हणे डोंगरात जाताना लोक कमरेला .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर नाहीतर १० एमएम पिस्तूल लावतात, आणि कुठलं चांगलं यावर रात्र रात्र वाद घालतात. डोक्यात किडा शिरला. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि एक्सेल शीट उघडली. फाईलचं नाव "आप्पा_हत्यार_व्ही१". इंजिनिअर माणूस घाबरला की शीट उघडतो.

पहिला कॉलम, काय मिळतं? तर .४४ आणि १० एमएम विसरा. आपल्याकडे सामान्य माणसाला हत्यारं आयात करणं १९८० च्या दशकातच बंद झालं. ९ एमएम, .३८, .३०३ ही बोअर सैन्य-पोलिसांची म्हणून प्रतिबंधित. कमरेला लावण्यासारखं उरतं ते मुख्यतः .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं .३२ रिव्हॉल्व्हर बरेच लोक घेतात. त्यात जी गोळी लागते तिचा जन्म १८९६ चा. ताकद ढोबळमानाने दीडशे ज्यूल. मोंटानावाल्या मित्राचं .४४ सहज हजार ज्यूलच्या पुढे जातं. म्हणजे तो ज्याला कमरेचं हत्यार म्हणतो आणि आपण ज्याला म्हणतो, त्यात बैलगाडी आणि ट्रॅक्टर इतका फरक. बिबट्या साधारण माणसाच्या वजनाचा असतो, त्यामुळे दीडशे ज्यूल अगदीच फुकट असं नाही. पण अंगावर आलेलं जनावर त्याने तिथल्या तिथे थांबेल, याची खात्री कोणी देत नाही. आणि जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या म्हणजे सकाळी तिथे निंदायला येणाऱ्या बायांचं मरण.

दुसरा कॉलम, वेळ. १९८३ साली डेनिस टुलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने साधा प्रयोग करून दाखवला होता. शिकलेला माणूस कमरेचं हत्यार काढून गोळी मारेपर्यंत दीड सेकंद जातो, आणि तेवढ्या वेळात हल्लेखोर माणूस २१ फूट पळून येतो. हे माणसाचं झालं. बिबट्या ताशी ५५ किलोमीटरने धावला तरी दीड सेकंदात वीस मीटरच्या वर येतो. आप्पा आणि त्या डोळ्यांमधलं अंतर वीस पावलं होतं. आप्पांच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात व्हॉल्व्हची चावी, खांद्यावर टॉवेल, पायात चिखल. आणि बिबट्याचा हल्ला बहुतेक वेळा मागून, वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर येतो. मागून येणाऱ्याला बघून कोण कंबर चाचपणार?

इथे शीट बंद करायला हवी होती. पण मन असं ऐकत नाही. म्हटलं, इतिहासात कोणाला तरी उपयोग झाला असेल.

झालाय! आणि तोही आपल्या खानदेशातच. जेम्स औट्रम. चाळीसगावहून कन्नडला जाताना जो घाट लागतो तो याच्याच नावाचा, आणि गौताळा औट्रमघाट अभयारण्यातलं "औट्रम" ते हेच. हा तरुण अधिकारी १८२५ मध्ये खानदेशात आला, धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि १८३५ पर्यंत इथे होता. शिकारीचं भयंकर वेड. त्याच्याबद्दल सांगतात की एकदा वाघाने झडप घातली, दोघं उतारावरून गडगडत गेले, क्षणभर पंजा सैल झाला तेवढ्यात त्याने पिस्तूल काढून वाघाला मारलं. सोबतच्या भिल्लांनी त्याची दशा बघून आकांत मांडला, तर हा म्हणतो, मांजराने ओरबाडलं तर काय एवढं! वाचून अंगावर काटा येतो, रिव्हॉल्व्हर घ्यावंसं वाटतं. पण जरा थांबून बघा. पिस्तूल कामी आलं ते वाघाने फाडून झाल्यावर. आणि ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली कारण तो वाचला. ज्यांचा पंजा सैल झाला नाही त्यांच्या नावाचे घाट नाहीत. आमच्याकडे याला डेटातला दोष म्हणतात, फक्त परत आलेल्यांना मोजायचं.

अलीकडचं उदाहरण तर आमच्याच भागातलं. २०१७ चा हिवाळा गिरणाकाठचा कोणी विसरणार नाही. वरखेडे आणि आसपासच्या गावांत बिबट्याने एकामागून एक माणसं मारली. त्यात लहान मुलं होती, बायका होत्या. मी तेव्हा दोन दिवसांसाठी घरी आलो होतो. संध्याकाळी सहानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. वेचायला मजूर मिळेना, कापूस झाडावरच लोंबत होता. आई परसात जायची तर हातात थाळी आणि लाटणं. त्याच नोव्हेंबरअखेर तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन बिबट्याच्या शोधात हातात पिस्तूल घेऊन शेतातून पळतानाचा व्हिडीओ सगळ्या देशाने पाहिला. ते जळगाव जिल्ह्याचेच, जामनेरचे. त्यावर टीका झाली, विनोद झाले. मी हसलो नाही. लोक मरत असताना माणसाचा हात कमरेकडे जातो हे मला आज कळतं, माझाही गेलाच की, एक्सेलमध्ये. पण तो बिबट्या पिस्तुलाने मेला नाही. पिंजरे लावले, माग काढले, आणि शेवटी ९ डिसेंबरच्या रात्री हैदराबादचे शिकारी नवाब शफात अली खान यांनी त्याला गोळी घातली. सरकारी आदेश, वनखात्याची माणसं, आयुष्यभराचा सराव, एवढं सगळं मागे असून इतके दिवस गेले. आप्पांच्या मागे काय आहे? एक बॅटरी, तीही चार्जिंग उतरलेली.

रविवारी मोंटानावाल्या मित्रानेच दोन शोधनिबंधांची नावं पाठवली. टॉम स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या अस्वलांच्या घटना गोळा केल्या, त्यांचे. २०१२ च्या निबंधात बंदूक जवळ असलेल्या २६९ घटना आहेत. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांना ८४ टक्के वेळा यश आलं. मी म्हटलं, वा! पण पुढचं वाक्य वाचा. ज्यांनी हत्यार वापरलं आणि ज्यांच्याकडे असून वापरलं नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. आणि २००८ च्या निबंधात मिरचीचा फवारा जवळ असलेले ९८ टक्के लोक जवळून गाठ पडूनही न खरचटता परतले. फवारा सोपा, नेम लागत नाही, घाबरलेल्या माणसालाही जमतो. अलास्काचं अस्वल आणि गिरणेचा बिबट्या एक नव्हे, हे मान्य. पण माणूस तोच ना? अंधारात हात थरथरणारा.

राहिला कायदा. वन्यजीव कायदा, १९७२, कलम ११ म्हणतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला सद्भावनेने जनावर मारलं तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तुम्ही त्याच कायद्याविरुद्ध काही करत असाल तर ही ढाल गेली. आणि कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. म्हणजे मी सुट्टीत यावल अभयारण्यात पालला जातो, कधी गौताळ्यात पाटणादेवीला, तिथे मोंटानासारखं कमरेला लावून हिंडणं हाच गुन्हा. बिबट्या आला न आला तरी.

मग शिरपूरच्या मामांना फोन केला. त्यांच्याकडे १२ बोअरची परवान्याची बंदूक आहे. लांब नळीची बंदूक स्वसंरक्षणाला आणि ठासणीची पीकरक्षणाला, असा शस्त्र कायद्यात १९५९ पासून स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ताकदीच्या बाबतीत .३२ तिच्यापुढे फटाकडी. मामा खो खो हसले. म्हणाले, "भाच्या, लोकसभा, विधानसभा, झेडपी... दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची. माझ्या घरापेक्षा ती तिथेच जास्त नांदली. आणि बिबट्या काही आचारसंहिता बघून येत नाही." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "तुझ्या बापाला विचारलंस का? तो नाही घेणार. त्याला विचार, बैलाचं काय झालं होतं."

बैलाचं? मला काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने चाळीसगावला उतरलो. आठवडा पुन्हा रात्रीच्या पाळीचा. मी म्हटलं, आज मी येतो तुमच्यासोबत. आई म्हणाली, "त्याले स्वेटर दे." तिला काळजी थंडीची!

रात्री साडेबाराला निघालो. आप्पांची तयारी बघत होतो. बॅटरी (आता पूर्ण चार्ज). डोक्यापेक्षा उंच काठी, तिला बैलाच्या गळ्यातले जुने घुंगरू बांधलेले. आणि गळ्यात मोबाईल, त्यावर अहिराणी गाणी फुल्ल आवाजात. मला हसू आलं. आप्पा म्हणाले, वनखात्याची माणसं २०१७ ला गावात सांगून गेली होती, एकटं जाऊ नका, आवाज करत चला, वाकून काम करू नका. "बाकी समदं जमस, एकटं नको जाऊ म्हनतस, ते कसं जमी?" सालदार मिळत नाही, मिळाला तर रात्री येत नाही. आणि पोरगा पुण्यात (हे ते बोलले नाहीत).

व्हॉल्व्हजवळ पोचलो. मी चारी बाजूंना बॅटरी फिरवत उभा, आप्पा वाकले. केळीची पानं अशी वाजतात की दर क्षणी कोणीतरी मागे आहे असं वाटतं. मी खरं सांगतो, त्या दोन मिनिटांत माझ्या हातात रिव्हॉल्व्हर असतं तर मी केळीच्या एका झाडाला तरी नक्की गोळी घातली असती. मग बांधावर बसलो आणि मी बैलाचा विषय काढला.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीकरक्षणाची. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे. ज्वारीत रानडुकरं पडायची. एका रात्री आजोबा बंदूक घेऊन बसलेले, आप्पांच्या हातात कंदील. ज्वारीत काहीतरी मोठं हललं. आजोबा म्हणाले, कंदील वर धर. आप्पांनी धरला. आजोबांनी बार काढला. तो आमचाच बैल होता, दावं तोडून आलेला. चार दिवस जगला. आजोबांनी बंदूक परत केली ती पुन्हा आणली नाही. आप्पा म्हणाले, "मी कंदील धरेल व्हता. माले बी ते डुक्करच दिसनं."

मी गप्प बसलो. माझ्या शीटमध्ये ज्यूल होते, सेकंद होते, किंमत होती. अंधारात समोर कोण आहे हे ओळखायचा कॉलमच नव्हता. माझे वडील ५७ वर्षं तो कॉलम डोक्यात घेऊन अंधारात जातायत. शेजारचा ऊसवाला, त्याचा पोरगा, कोणीही त्या रात्री त्या बांधावर असू शकतो.

"माले बंदूक नको रे भाऊ," आप्पा उठताना म्हणाले. "दिवसनी लाईट लई दे."

आता आमच्या कामात एक चूक नवखे लोक हमखास करतात. बग एका ठिकाणी असतो आणि ते दुरुस्ती भलत्याच ठिकाणी करतात, कारण तिथे हात पोचतो. मी तेच करत होतो. बिबट्या तर राहणारच. विद्या अत्रेय यांनी अकोल्याला (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावून दाखवलं की जंगल नसलेल्या, माणसांनी भरलेल्या शेतात १०० चौरस किलोमीटरला चार-पाच बिबटे राहतात, आणि रोज रात्री माणसाला टाळून जातात. एक पकडून दूर सोडला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. जुन्नर भागात २००० नंतर तसं केल्यावर हल्ले उलट वाढले, हेही त्यांच्याच अभ्यासातलं. तेव्हा बदलण्यासारखी गोष्ट एकच उरते, ६७ वर्षांचा माणूस रात्री एक वाजता उसाच्या कडेला वाकलेला नसावा.

मग शीटचं व्ही२ केलं. रिव्हॉल्व्हर, काडतुसं आणि परवान्याच्या धावपळीसाठी जे लाखभर मनात धरले होते, ते असे वाटले. मोटारीला मोबाईल स्टार्टर, म्हणजे घरात बसून चालू-बंद. ठिबकचे व्हॉल्व्ह नाल्याकडून उचलून घराजवळच्या विहिरीपाशी एका जागी आणले, त्याला पाईप बराच लागला. तिथे सिंगल फेजवर चालणारा मोठा दिवा. उसाच्या बाजूचं दहा फूट गवत साफ. बॅटऱ्या दोन. आणि नाल्याकडचा तुकडा आईच्या नावावर आहे, तिथे जुनी विहीर आहे पण वीजजोडणी कधीच नव्हती. २०२४ पासून राज्यात "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना आहे, ती अशाच जोडणी नसलेल्या शेताला. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे. अडीच ते पाच एकराला ५ एचपीचा पंप बसतो. अर्ज भरला, पैसे भरले. बाकी शेताला दिवसा लाईट हवी तर अख्खा फीडरच सौरऊर्जेवर जायला हवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच २०१७ ला आली (हो, तेच वर्ष), २०२३ ला तिचं २.० आलं. आमच्या फीडरचा नंबर लागेपर्यंत पाळी आहेच.

मोंटानावाल्या मित्राला हे सगळं सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे तुझ्या वडिलांचं कमरेचं हत्यार पाच हॉर्सपॉवरचं?" म्हटलं, होय, आणि परवाना आईच्या नावावर. :)

भीती गेली का? नाही. मागच्या आठवड्यात ठिबकची एक नळी फुटली आणि आप्पा रात्री गेलेच. मोबाईल स्टार्टर फुटलेली नळी जोडत नाही. फक्त आता आमचं एक ठरलंय. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात आप्पा घराबाहेर पडताना मला एक मिस कॉल देतात आणि घरात आल्यावर दुसरा. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला वेळ मी पुण्यात सातव्या मजल्यावर पंख्याकडे बघत पडलेला असतो. परवा तो वेळ ३५ मिनिटं होता.

असो. सौरपंपाच्या अर्जाची स्थिती बघायची आहे, साईट शनिवारी सकाळी जरा बरी चालते.